माक्स की आंद्रे? आबेग्लेन बंधूंमधला थोर आघाडीवीर कोण

धागाकर्ता: स्वित्झर्लंडच्या जुन्या फुटबॉलचा विषय निघाला की माक्स आबेग्लेनचे नाव आधी घेतले जाते. त्याच्या ‘क्साम’ या टोपणनावावरून नोशातेलच्या क्सामाक्स क्लबाला नाव मिळाले, आणि ६८ सामन्यांत ३४ गोलांचा त्याचा राष्ट्रीय विक्रम २००८ मध्ये आलेक्झांडर फ्रायने मागे टाकला. तरीही माझ्या मते धाकटा भाऊ आंद्रे हाच थोर आघाडीवीर होय. ५२ सामन्यांत २९ गोल म्हणजे सरासरी थोरल्याहून सरस. शिवाय हे गोल कोणत्या घडीला झाले तेही पाहावे. ९ जून १९३८ रोजी पॅरिसमधील विश्वचषकाच्या फेरसामन्यात, ऑस्ट्रिया गिळंकृत करून तिथले खेळाडूही संघात घेतलेल्या जर्मनीकडे २-० अशी आघाडी होती. जखमी होऊन बाहेर गेलेला स्विस खेळाडू एबी डोक्याला पट्टी बांधून मैदानात परतला, वालाशेक आणि बिकेल यांनी बरोबरी साधली, आणि ७५व्या व ७८व्या मिनिटाला आंद्रेने लागोपाठ दोन गोल करून सामना ४-२ असा जिंकून दिला. दडपणाखाली खेळ उंचावणे यालाच मी थोरपण म्हणतो.

प्रतिसाद १: आपला सारा युक्तिवाद एका सामन्यावर उभा आहे, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी हा संघ हंगेरीकडून ०-२ असा हरला, हे आपण सांगत नाही. १९२४ मध्ये विश्वचषक सुरूही झाला नव्हता. जगातील संघ एकमेकांना भिडत ते ऑलिम्पिकमध्येच. त्या पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत स्वीडनला २-१ असे हरवताना दोन्ही गोल माक्सचे होते. अंतिम सामन्यात उरुग्वेने ३-० असा विजय मिळवला खरा, पण ते रौप्यपदक स्वित्झर्लंडच्या पदरी पडले ते मुख्यतः माक्समुळे.

धागाकर्ता: एका सामन्याचा आक्षेप मला मान्य नाही. त्याच जर्मनीविरुद्धच्या पहिल्या, १-१ अशा बरोबरीत सुटलेल्या लढतीतील गोलही आंद्रेचाच होता. फ्रान्सच्या व्यावसायिक लीगमध्ये सोशोकडून खेळताना १९३४-३५ च्या हंगामात त्याने ३० गोल करून संघाला विजेतेपद मिळवून दिले. माक्सच्या ऑलिम्पिकमधील सहा गोलांपैकी तीन मात्र लिथुआनियावरच्या ९-० अशा एकतर्फी विजयातले आहेत.

प्रतिसाद १: लिथुआनियाचा मुद्दा रास्त आहे. पण उरलेल्या तीन गोलांपैकी एक इटलीविरुद्धचा आहे आणि तो सामनाही २-१ असाच सुटला होता, त्यामुळे दडपणाची आपली कसोटी लावली तरी माक्स तिला उतरतो.