दीर्घकाळ टिकणारे, तरीही वळणावर पकड न सोडणारे टायर: सल्ला हवा आहे

मधलागिअर (धागाकर्ता)
सर्वांना नमस्कार. माझी ६५० सीसीची, दोन सिलिंडरची मोटारसायकल आहे. तिला पुढे १२०/७० झेडआर १७ आणि मागे १६०/६० झेडआर १७ या मापाचे टायर लागतात. सध्याचा मागचा टायर नऊ हजार किलोमीटरमध्येच मधोमध सपाट झाला असून कडेची नक्षी मात्र जवळपास नव्यासारखी आहे. सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही, पण वळणात शिरताना गाडी आधी झुकायला तयार होत नाही आणि मग एकदम आत कलंडते. या कलंडण्याची मला आता भीती वाटू लागली आहे. माझे निम्म्याहून अधिक चालवणे लांब, सरळ महामार्गांवर होते आणि उरलेले डोंगरातल्या वळणांवर, तेही अनेकदा पावसात. ट्रॅकवर मी जात नाही. किमान बारा हजार किलोमीटर टिकेल आणि ओल्या वळणावर विश्वास ठेवता येईल अशी जोडी सुचवावी. बजेट मधल्या किमतीच्या जोडीचे आहे. सर्वांत महाग जोडी मला परवडणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

लांबपल्ला
मिशेलिन रोड ६ घ्या आणि हा शोध इथेच थांबवा. टायरच्या मधल्या पट्ट्यात कठीण रबर आणि दोन्ही खांद्यांवर, म्हणजे कडेच्या भागांवर, मऊ रबर, अशी ही रचना असते. त्यामुळे महामार्गावर मधला पट्टा लवकर झिजत नाही आणि झुकल्यावर रस्त्याला मऊ रबर टेकते. मिश्रणात सिलिका असल्यामुळे ओल्या रस्त्यावरही पकड चांगली राहते. हा टायर २०२२ मध्ये आला आणि आधीच्या रोड ५ पेक्षा ओल्या रस्त्यावर पकड १५ टक्के व आयुष्य १० टक्के अधिक असल्याचे कंपनी सांगते. माझ्या मागच्या टायरने चौदा हजार किलोमीटर पूर्ण केले आहेत आणि अजून महिनाभर तो सहज चालेल. बजेट थोडे वाढवावे लागेल, पण टायरवर काटकसर करू नये.

कोपरा_घासणारा
टूरिंगचे, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बनवलेले, टायर टिकतात हे खरे असले, तरी वळणावर त्यांच्याकडून काहीच कळत नाही. मी वर्षानुवर्षे स्पोर्ट प्रकारातलेच मऊ टायर वापरतो आणि माझ्या मागच्या टायरला कडेपर्यंत एक मिलिमीटरसुद्धा न घासलेले रबर उरत नाही. पाच हजार किलोमीटरला बदलावा लागतो आणि मी तो आनंदाने बदलतो. ज्यांना वळणे आवडतात त्यांनी किलोमीटर मोजू नयेत.

वाऱ्यावरची
कोपरा_घासणारा, धागाकर्त्याने ट्रॅकवर जात नसल्याचे पहिल्याच संदेशात लिहिले आहे. इथे थोडे गणित मांडते. गाडी ३० अंश झुकली असेल तर रस्त्याकडून लागणारी बाजूची पकड गाडीच्या वजनाच्या साधारण ०.५८ पट असते, ४० अंशांना ती ०.८४ पट होते आणि ४५ अंशांना वजनाइतकी. टायरच्या रुंदीमुळे प्रत्यक्षातला झुकाव या हिशेबापेक्षा किंचित जास्त लागतो, पण अंदाजासाठी एवढे पुरे. आपल्यापैकी बहुतेक जण सार्वजनिक रस्त्यावर ३०-३५ अंशांच्या पुढे क्वचितच जातात आणि कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर आजचा कोणताही चांगला टूरिंग टायर तेवढी पकड सहज देतो. प्रश्न उरतो तो थंडीचा आणि पावसाचा. मी स्वतः एकदा पडले ते स्पोर्ट टायरवरच. पहाटेची वेळ होती, रस्ता ओला होता आणि टायर तापलेले नव्हते. साध्या, संथ वळणावर मागचे चाक काहीही इशारा न देता निसटले. टायर नवे होते आणि महागही होते. ते रबर तापल्यावर उत्तम काम करत असेल, पण माझ्या रोजच्या वेगाला ते कधी तापतच नव्हते. टूरिंग टायर थंड असतानाच काम करू लागतो, आणि धागाकर्त्याला नेमके तेच हवे आहे.

सरळरेषा
मी वेगळा मार्ग सुचवतो. मी मागच्या चाकावर मोटारीचा टायर बसवला आहे आणि त्याचे तीस हजार किलोमीटर झाले आहेत. तो सपाटच असल्यामुळे अधिक सपाट होण्याचा प्रश्नच येत नाही. लोक घाबरवतात, पण मी अजून पडलेलो नाही. महामार्गावर यासारखे दुसरे काही नाही.

मापाडी
सरळरेषा, आपला अनुभव मी खोटा ठरवत नाही, पण हा सल्ला धागाकर्त्याने घेऊ नये असे मला मनापासून वाटते. मोटारसायकलचा टायर आडव्या छेदात गोलाकार असतो आणि गाडी झुकते तसा रस्त्याला टेकणारा भाग मधून खांद्याकडे सरकत जातो. म्हणूनच झुकाव सलग आणि एकसारखा वाटतो. मोटारीचा टायर आडवा सपाट असतो. झुकताना गाडीला त्याच्या कडेवर चढावे लागते आणि संपर्काचा भाग एका बाजूला गोळा होतो. शिवाय रिमवर टायरची कड जिथे बसते, त्या जागेचा आकार दोन्ही प्रकारांत वेगळा असतो, त्यामुळे ती नीट बसल्याची खात्री देता येत नाही.

आता धागाकर्त्याच्या तक्रारीकडे पाहा. गाडी आधी झुकत नाही आणि मग एकदम आत पडते. हा सपाट झालेल्या टायरचाच परिणाम आहे. मधला सपाट भाग आणि शाबूत खांदा यांच्यामध्ये एक कंगोरा तयार होतो आणि गाडी त्या कंगोऱ्यावरून घसरत खाली जाते. रबर अजून चांगले असले तरी आकार बिघडलेला असतो. धागाकर्ते ज्या दोषामुळे टायर बदलत आहेत, तोच दोष मोटारीच्या टायरमध्ये पहिल्या दिवसापासून असतो.

सरळरेषा
एकदा सवय झाली की हँडलवर थोडा अधिक जोर द्यावा लागतो, एवढाच फरक आहे. तीस हजार किलोमीटर कमी नाहीत.

जुने_इंजिन
टायर कोणताही घ्या, पण त्यात नायट्रोजन भरा आणि मागच्या टायरमध्ये कंपनीने सांगितल्यापेक्षा चार पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) जास्त ठेवा. टायर कडक राहिला की कमी झिजतो. मी गेली वीस वर्षे हेच करतो आहे.

मापाडी
हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. कोरडा नायट्रोजन भरल्याने आतली आर्द्रता टळते, एवढा फायदा मान्य करतो, पण रस्त्यावरच्या वापरात त्याने टायरचे आयुष्य वाढत नाही. चार पीएसआय जास्त ठेवण्याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. जास्त हवेने टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग अरुंद होतो आणि सगळी झीज मधल्या पट्ट्यावरच होते.

जुने_इंजिन
तापमानानुसार दाब बदलतो, म्हणून नायट्रोजन. दहा अंशांमागे एक पीएसआय, हा नियम सर्वांना ठाऊक आहे.

मापाडी
तापमानाचा तो नियम नायट्रोजनलाही हवेइतकाच लागू पडतो. आकडाही थोडा वेगळा आहे. दाब मोजताना वातावरणाचा १४.७ पीएसआय त्यात धरावा लागतो. दाब मोजण्याच्या गेजवर ३६ दिसत असतील तर आतला खरा दाब ५०.७ असतो. २० अंशांवरून तापमान दहा अंशांनी वाढले तर तो सुमारे ३.४ टक्क्यांनी, म्हणजे साधारण पावणेदोन पीएसआयने वाढतो. म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेतला दाब थंड टायरसाठी दिलेला असतो आणि लांबून चालवून आल्यावर लगेच मोजलेला आकडा उपयोगाचा नसतो.

मधलागिअर, आपण नेमका किती दाब ठेवता, तो थंड टायरवर मोजता का आणि कोणत्या गेजने मोजता, हे कृपया सांगावे. नऊ हजारांत मधोमध सपाट होणे हे केवळ महामार्गामुळे झाले असेल, असे मला वाटत नाही.

रात्रपाळी
रोड ६ चांगलाच आहे, वर सांगितलेच आहे, त्यात कठीण-मऊ रबर असते. मी आणखी एक सुचवतो. मागे १६० ऐवजी १८० मिलिमीटर रुंदीचा बसवा. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, आणि दिसायलाही गाडी भारदस्त होते. पुढे मऊ आणि मागे कठीण अशी जोडीही जमवता येते; मी तशीच वापरतो.

मापाडी
१६०/६० हे माप साधारणपणे साडेचार इंची रिमसाठी असते. त्याच रिमवर १८० बसवला तर कडा आत ओढल्या जातात, टायरचा माथा टोकदार होतो आणि झुकल्यावर रस्त्याला टेकणारा भाग वाढण्याऐवजी कमीही होऊ शकतो. गाडी वळायला जड होते ती वेगळीच. पुढे-मागे वेगळे रबर वापरणे चालते, पण दोन्ही टायर एकाच कंपनीचे आणि एकत्र वापरण्यासाठी सुचवलेले असावेत. एक रेडियल (कडेपासून कडेपर्यंत सरळ धाग्यांचा) आणि दुसरा जुन्या पद्धतीचा आडव्या-तिडव्या धाग्यांचा, असे मिश्रण कदापि करू नये.

वाऱ्यावरची
दोन प्रकारचे रबर हा एकच उपाय नाही, हेही लिहून ठेवते. कॉन्टिनेंटलच्या रोडअटॅक मालिकेत संपूर्ण माथ्याला एकच मिश्रण असते, पण ते भाजताना मध्यभागी आणि खांद्यांवर तापमान वेगळे ठेवतात. त्यामुळे कठीणपणा मधून कडेपर्यंत हळूहळू कमी होत जातो आणि दोन रबरांमधला सांधा राहत नाही. माझ्या गाडीवर सध्या हेच आहेत आणि झुकतानाचा सलगपणा मला फार आवडला.

मधलागिअर (धागाकर्ता)
सर्वांचे आभार. मापाडी यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गोष्ट लक्षात आली. पुस्तिकेत थंड टायरसाठी पुढे ३३ आणि मागे ३६ पीएसआय दिले आहे आणि मी दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी काढण्यापूर्वी, तेवढेच भरत होतो. काल दोन मित्रांचे गेज आणून तुलना केली. ते दोन्ही एकमेकांशी जुळतात, पण माझे गेज चार पीएसआय कमी दाखवते. म्हणजे ३६ समजून मी नऊ हजार किलोमीटर मागच्या टायरमध्ये ४० ठेवत होतो. ते गेज टाकून दिले आहे.

आता प्रश्न असा की रोड ६ माझ्या बजेटमध्ये बसत नाही, पण आधीच्या पिढीचा रोड ५ बसतो. तो घ्यावा का?

लांबपल्ला
घेऊ नये. नवा उपलब्ध असताना जुन्या पिढीचा टायर घेणे म्हणजे स्वतःहून मागे जाणे आहे. दोन महिने थांबा आणि रोड ६ घ्या.

कोपरा_घासणारा
दोन्ही टूरिंगच आहेत. माझे मत बदललेले नाही.

रात्रपाळी
जुन्या पिढीचा म्हणजे गोदामात पडून राहिलेला माल असतो. माझ्या ओळखीच्या एकाने असाच स्वस्त टायर घेतला होता आणि वर्षभरात त्याच्या बाजूच्या भिंतीवर भेगा दिसू लागल्या. लांबपल्ला यांच्याशी सहमत.

वाऱ्यावरची
मलाही थांबणेच योग्य वाटते, किंवा मग रोडअटॅककडे पाहा. पण घेतलाच तर बाजूच्या भिंतीवरचा डीओटी क्रमांक अवश्य वाचा. त्यातले शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२३ असेल तर तो टायर २०२३ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. जुन्या पिढीचा टायर आणि जुना टायर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालू उत्पादनातला असेल तर पिढी जुनी असूनही तो ताजा असू शकतो.

सरळरेषा
एवढ्या पैशांत मोटारीचा टायर येईल आणि तीस हजार चालेल.

मधलागिअर (धागाकर्ता)
मी रोड ५ घेतला आहे. लांबपल्ला, रात्रपाळी आणि वाऱ्यावरची, आपण तिघांनीही थांबायला सांगितले होते, पण पावसाळा तोंडावर असताना सध्याच्या टायरवर आणखी दोन महिने वळणांवर जाणे मला योग्य वाटले नाही. २०१८ मध्ये हा टायर आला तेव्हा कंपनीने सांगितले होते की पाच हजार किलोमीटर झिजल्यावरही तो ओल्या रस्त्यावर त्याच्या आधीच्या पिढीच्या, अगदी नव्या पायलट रोड ४ इतकाच लवकर थांबतो. त्याच्या खाचा वरून अरुंद आणि खाली रुंद आहेत, त्यामुळे टायर झिजतो तशा त्या उघडत जातात आणि पाणी बाहेर काढत राहतात. पावसात चालवणाऱ्याला अर्ध्या आयुष्यानंतरची पकडही नव्या टायरच्या पकडीइतकीच महत्त्वाची वाटते. मागच्या टायरला मध्यभागी कठीण रबर आहे आणि तेच कठीण रबर खांद्यांच्या मऊ रबराखालीही आधारासाठी नेलेले आहे. दुकानात दोन्ही टायरांचे डीओटी क्रमांक वाचले. दोन्ही चार महिन्यांपूर्वी तयार झालेले आहेत. वजनाचे निर्देशांक (टायर किती भार पेलतो ते दाखवणारे आकडे) पुस्तिकेशी जुळवून पाहिले, पुढे ५८ आणि मागे ६९. फिरण्याची दिशा दाखवणारे बाणही बसवून झाल्यावर स्वतः तपासले.

पहिले दीडशे किलोमीटर सावकाश, हळूहळू झुकाव वाढवत चालवली. आता चारशे झाले आहेत. नव्या गेजने थंड टायरवर पुढे ३३, मागे ३६ ठेवले आहेत. काल डोंगरातून परतताना पाऊस लागला आणि ज्या उजव्या वळणावर गाडी एकदम आत कलंडत असे, तिथे ती माझ्या हाताखाली सलग झुकत गेली. कोणत्याही नव्या टायरने एवढा फरक पडला असता, हे मला मान्य आहे.

मापाडी
अभिनंदन. एक विनंती आहे. खाचांची खोली मध्यभागी आणि दोन्ही खांद्यांवर, अशी तीन ठिकाणी आजच मोजून ठेवा आणि दर हजार किलोमीटरला त्याच जागी पुन्हा मोजा. मध्यभागची झीज खांद्यांपेक्षा फार वेगाने वाढू लागली तर प्रथम दाब तपासा.

जुने_इंजिन
नायट्रोजन भरला का?

मधलागिअर (धागाकर्ता)
नाही, साधी हवाच भरली आहे. मापाडी, टायरच्या भिंतीवर खडूने तीन खुणा करून ठेवल्या आहेत. पहिले हजार पूर्ण झाले की आकडे इथेच लिहीन.