मदत हवी आहे: लढाईतला वायरलेस आणि त्याची गुप्तता शाळेतल्या मुलांना कशी सांगू?

नमस्कार मंडळी,

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सिग्नल कोअरमधून, म्हणजे फौजेचे निरोप पोचवणाऱ्या शाखेतून, हवालदार म्हणून निवृत्त झाले. जबलपूरला ट्रेनिंग आणि पुढची सगळी नोकरी पाठीवर वायरलेस सेट घेऊन. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत आहे, त्यामुळे त्याचं कुणाला फारसं नवल नाही. पण सिग्नल कोअरची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ ची, म्हणून दरवर्षी त्या दिवशी आप्पा हायस्कूलमध्ये तासभर बोलायचे. आधी फळ्यावर 'तीव्र चौकस' हे कोअरचं ब्रीद लिहायचे आणि मग सुरुवात करायचे. गेल्या श्रावणात आप्पा गेले. परवा मुख्याध्यापकांचा फोन आला, "ताई, यंदा तुम्ही बोला."

मी हो म्हटलं. आता पोटात गोळा आलाय. मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत कॅशियर आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा मला गंध नाही. आप्पांची एक वही माझ्याकडे आहे. चोवीस वर्षांच्या नोकरीची वही, आणि तीत एकाही पोस्टचं नाव नाही, एकही फ्रिक्वेन्सी नाही. मुलांना सांगायच्या चार गोष्टी, बॅटरी कोरडी ठेवण्याबद्दल पानभर मजकूर, आणि शेवटच्या पानावर एकच ओळ तीनदा गिरवलेली: "कोण, कुठं, कधी. तिन्ही एका दमात बोलायचं न्हाई."

त्या एका ओळीवरच बोलावं असं मनात आहे. दोन महिने मिळेल ते वाचतेय. मला काय समजलं ते खाली लिहिते, चुकलं असेल तिथे स्पष्ट सांगा. मुलांपुढे चुकीचं बोलून आप्पांचं नाव खाली जायला नको.

सुरुवात नामदेव जाधवांपासून करणार आहे, कारण मराठा लाइट इन्फंट्री आमच्या मुलांना घरातली वाटते. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव हे कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप घेऊन धावणारे. वायरलेसचे सेट तेव्हा होतेच, तरी पायांनी निरोप नेणारा माणूस लागायचाच. धावणाऱ्याला गोळी लागू शकते, पण त्याच्या मनातला निरोप हवेतून कुणी ऐकत नाही. वायरलेसचं नेमकं उलटं आहे. बोललेला शब्द आपल्या माणसाकडे जातो तसाच समोरच्याकडेही जातो.

मग टॅननबर्ग, पहिल्या महायुद्धातली लढाई. ऑगस्ट १९१४ मध्ये रशियाच्या दोन सेना जर्मनीच्या पूर्व प्रशियात शिरल्या, एक रेनेनकाम्फची, दुसरी सॅमसोनोव्हची. पुढे कुठे जायचं याचे हुकूम वायरलेसवर साध्या रशियन भाषेत सुटत होते, सांकेतिक भाषेची व्यवस्था धड नव्हती. जर्मनांनी ते ऐकले. रेनेनकाम्फ मदतीला लगेच येत नाही हे त्यांना कळलं आणि त्यांनी सॅमसोनोव्हची सेना वेढून संपवली. कोण, कुठं, कधी, तिन्ही गोष्टी शत्रूच्या हातात आयत्या पडल्या.

तारेचा फोन तरी सुरक्षित असेल असं मला वाटायचं, तोही नव्हता. पहिल्या महायुद्धात खंदकांतून एकच तार टाकायचे आणि परतीचा प्रवाह जमिनीतून घ्यायचे. ओल्या मातीतून तो समोरच्या खंदकापर्यंत झिरपायचा आणि जर्मन जमिनीत सळ्या रोवून बोलणं ऐकायचे. आमच्याकडे प्रत्येक पोराने नदीकाठची मोटर चालू केलेली असते, अर्थिंग म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. हा भाग त्यांना पटकन कळेल.

व्हिएतनामची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. अमेरिकनांकडे आवाज गुप्त करणारी यंत्रं होती, पण पाठीवरच्या रेडिओइतकंच जवळजवळ आणखी एक ओझं. जवान ती मागे ठेवून जायचे. १९६९ च्या डिसेंबरमध्ये शत्रूचं एक ऐकणारं पथक पकडलं गेलं, तेव्हा त्यांच्याकडे अमेरिकनांचं बोलणं हाताने उतरवून घेतलेले कागद सापडले, इंग्रजीतच. म्हणजे कुलूप होतं, पण दाराला लावलेलं नव्हतं. आप्पा पाठीवरच्या ओझ्याबद्दल कधी तक्रार करायचे नाहीत, पण त्यांचा डावा खांदा शेवटपर्यंत खाली झुकलेला होता. त्यामुळे त्या जवानांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

आता जिथे मला खरी मदत हवी आहे ते. फ्रिक्वेन्सी हॉपिंग. मला समजलं ते असं: बोलणं एकाच फ्रिक्वेन्सीवर न ठेवता सेकंदाला कितीतरी वेळा उडी मारायची. हेडी लामार ही अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी ११ ऑगस्ट १९४२ ला याचं पेटंट मिळवलं. टॉर्पेडोसाठी होतं ते, आणि त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, ८८ फ्रिक्वेन्सी धरल्या होत्या. पुढे अमेरिकेच्या सिंकगार्स सेटमध्ये ३० ते ८८ मेगाहर्ट्झमधल्या २३२० चॅनेलवर सेकंदाला साधारण १११ उड्या आल्या. आपल्याकडचे भारत इलेक्ट्रॉनिक्सचे स्टार्स-व्ही सेटही उड्या मारणारेच. इथवर बरोबर आहे का?

मग दोन्ही सेटना पुढची उडी कुठे मारायची हे कळतं कसं? यादी आधीच ठरलेली असते का? घड्याळं मागंपुढं झाली तर? उड्या मारल्या म्हणजे बोलणं गुप्त झालं, की त्यावर आणखी सांकेतिक भाषा लागते? सेट शत्रूच्या हाती पडला तर सगळंच फुटतं का? पतसंस्थेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक माझ्याकडे, एक व्यवस्थापकांकडे. कुलूप कुठल्या कंपनीचं आहे ते चोराला कळलं तरी बिघडत नाही, किल्ली गेली तर सगळं गेलं. रेडिओतही असंच असतं असं सांगितलं तर चालेल ना?

मुलं एक प्रश्न हमखास विचारणार, मोबाईल असताना सेट कशाला? २०१९ च्या पुरात आमच्याकडे टॉवर बंद पडले होते, मोबाईल हातात असून उपयोग नव्हता, हे मोठ्या मुलांना आठवतं. दुसरं उदाहरण युक्रेनमधल्या माकिइव्काचं. २०२३ चं नवं वर्ष लागताना तिथल्या रशियन तळावर हल्ला झाला. ८९ जवान गेल्याचं रशियानेच सांगितलं, आणि बंदी असून वापरलेले मोबाईल हे मुख्य कारण म्हणूनही रशियानेच सांगितलं. नववी-दहावीच्या मुलांना हे सांगावं की नाही, यावर मी अजून अडून आहे. सांगावं असं वाटतंय, यातली निम्मी मुलं भरतीची तयारी करतात.

शेवटचं, काहीतरी करून दाखवायचं आहे. भाचा म्हणतो ऑनलाइन दोन वॉकी-टॉकी मागवू. मागवू का?

प्रतिसाद: जुना_ऑपरेटर, गडहिंग्लज

ताई, आप्पांना माझा रामराम. मी पण सेटवालाच. वहीत पोस्टचं नाव नाही हे वाचून ऊर भरून आला. मी पण लिहिणार नाही, छापून आलेलं आहे तेवढंच सांगतो.

तुमचं किल्लीचं उदाहरण पक्कं आहे, तेच ठेवा. उड्यांची यादी कागदावर नसते. सेटमध्ये किल्ली, म्हणजे एक गुप्त आकडा, भरतात आणि किल्ली अधिक घड्याळ यातून सेट स्वतःच पुढची जागा काढतो. किल्ली एक, वेळ एक, तर दोन्ही सेट एकाच जागी उडतात. वेळ थोडी मागंपुढं झाली तर सेट सांभाळून घेतो. जास्त चुकली तर तो नेटच्या, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या सेटच्या जाळ्याच्या, बाहेर पडतो आणि त्याला परत नेटवर घ्यावं लागतं.

उड्या आणि सायफर, म्हणजे सांकेतिक भाषा, या दोन वेगळ्या गोष्टी, मुलांना वेगळ्या करूनच सांगा. उड्या मारल्या की पकडायला आणि जाम करायला अवघड. सायफर लावलं की पकडलं तरी कळत नाही. सेट जाणार असं दिसलं की पहिलं काम किल्ली पुसायचं, त्याची सोय सेटवरच असते. मग नेटवरच्या सगळ्यांची किल्ली बदलायची. नुसत्या खोक्यातून शत्रूला फार काही मिळत नाही.

पण तुमच्या आप्पांच्या ओळीतलं 'कुठं' आहे ना, ते न बोलताही फुटतं. शब्द कळला नाही तरी इथं कुणीतरी बोलतंय हे कळतं. दोन ठिकाणांवरून दिशा घेतली की नकाशावर रेषा एकमेकींना छेदतात. लग्नघरात ज्याचा फोन सारखा वाजतोय तो यजमान, हे ओळखायला फोनवर काय बोलतात ते ऐकावं लागतं का? तसंच, ज्या जागेवरून दिवसभर सगळ्यांशी बोलणं चाललंय तिथं मोठा साहेब बसलाय. म्हणून बोलणं तोकडं, पॉवर लागेल तेवढीच, एरियल शत्रूकडून टेकडीच्या आड, आणि काम झालं की जागा सोडायची. सेट कितीही भारी आला तरी हे शिकवावंच लागतं.

माकिइव्काचं जरूर सांगा. भरतीला जाणाऱ्या पोराला ते आत्ताच कळलेलं बरं.

प्रतिसाद: व्हीयू२_करवीर

ताई, भाच्याला थांबवा. परवाना नसताना वायरलेस सेट बाळगता येत नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी ताकदीच्या सेटला सूट आहे, तीही त्या सेटला सरकारी मंजुरी असेल तरच. ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त सेट यात बसत नाहीत. माझ्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे, मी सेट आणू शकतो, पण आमच्या बँडवर अर्थ लपवून बोलायला नियमानेच मनाई आहे, तेव्हा गुप्ततेचा प्रयोग तिथे नको.

प्रयोग २.४ गिगाहर्ट्झवर करू, त्या पट्ट्यात ठरलेल्या ताकदीपर्यंत परवाना लागत नाही. एनआरएफ२४ नावाचे छोटे रेडिओ मॉड्यूल आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डाला जोडायचे. दोघांना एकच किल्ली दिली की ते मिळून उड्या मारतात. तिसरं मॉड्यूल किल्लीशिवाय एकाच चॅनेलवर बसवायचं, त्याला मधूनच एखादा तुकडा मिळेल, बाकी काही नाही. ते मुलांना पडद्यावर दिसेल. मुलांच्या कानातलं ब्लूटूथही हेच करतं, ७९ चॅनेल आणि सेकंदाला १६०० उड्या. हे ऐकल्यावर मुलं पुढे सरकून बसतात, माझा अनुभव आहे.

एक भर घाला. व्हीएचएफ, म्हणजे पाठीवरचे हे सेट वापरतात त्या लहरी, साधारण सरळ रेषेत जातात. रंकाळ्यावरून पन्हाळ्याच्या पलीकडच्या उतारावर बोलायचं तर मध्ये उंचावर, समजा पन्हाळ्याच्या माथ्यावर, निरोप पुढे देणारा सेट लागेल. आपल्या मुलांना हे डोंगर पाठ आहेत, फळ्यावर तेच काढा.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. भाच्याला सांगितलं, तो आता मॉड्यूल शोधतोय. करवीर, १५ तारखेला तुम्हाला जमत असेल तर गाडीची सोय मी करते.

तुमचे प्रतिसाद वाचून एक खेळ सुचला. वर्गात दहा बाकांना नंबर द्यायचे. दोन मुलांकडे आकड्यांची एकच चिठ्ठी, दर टाळीला चिठ्ठीतल्या पुढच्या बाकावर जायचं आणि तिथे निरोपाचा एकच शब्द कानात सांगायचा. बाकीच्यांनी कुठल्याही एका बाकावर बसून निरोप पकडायचा प्रयत्न करायचा. मग एकाची टाळी मुद्दाम चुकवायची, म्हणजे घड्याळ बिघडलं की काय होतं तेही कळेल. काल घरी चार पोरांवर करून बघितला. निरोप सात शब्दांचा होता, ऐकणाऱ्या दोघांना मिळून एकच शब्द मिळाला.

ऑपरेटर काका, एरियल टेकडीच्या आड ठेवण्याबद्दल वहीतही एक वाक्य आहे. मला ते कळत नव्हतं, आज कळलं.

अजून एक मागणं आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर भागात कुणाकडे जुना हेडसेट किंवा मोर्सची की असेल आणि एका दिवसासाठी देता येत असेल तर कृपया इथे कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि दुसऱ्या दिवशी आणून देईन. आप्पा स्वतःचा हेडसेट न्यायचे, तो त्यांनी जाण्याआधी शाळेलाच देऊन टाकला होता, पण त्याची वायर आता तुटली आहे. ती कोल्हापुरात कुणी दुरुस्त करून देत असेल तर तेही सांगा.