मदत हवी आहे: निळा रंग पाकळ्यांत चढतो, लाल देठातच अडतो

जलवाहिन्या दाखवण्यासाठी पांढऱ्या शेवंतीचा देठ खालून उभा चिरून एक फाक निळ्या पाण्यात, दुसरी लाल पाण्यात ठेवली. दोन्ही खायचे रंग, 100 मिली पाण्यात 20 थेंब. निळा 6 तासांत पाकळ्यांच्या कडांपर्यंत पोचला. लाल 24 तासांनंतरही चिरेच्या जरा वर, बस्स. गंमत म्हणजे लाल पाण्याची पातळी मात्र उतरतेय!

देठ पाण्याखालीच तिरका कापला होता, म्हणून हवेचा बुडबुडा शिरून पाण्याचा धागा तुटला असेल असं वाटत नाही (चिरताना फाका क्षणभर बाहेर होत्या, हे कबूल). दुसऱ्या फुलावर रंगांची अदलाबदल केली, तरी लालच अडला. लाल निम्मा पातळ केला, फरक शून्य. पानं तशीच ठेवलीत, खिडकी उघडी आहे, म्हणजे बाष्पोच्छ्वास (पानांतून पाण्याची वाफ बाहेर जाणं, त्यानेच पाणी वर ओढलं जातं) चालू असणार. आडव्या छेदात लाल ठिपके फार गडद दिसतात.

लाल रंगाचे रेणू जलवाहिनीच्या भिंतीला चिकटून मागे राहतात आणि नुसतं पाणी वर जातं, असं होतं का? की वाहिन्याच तुंबल्यात? माझ्याकडे सूक्ष्मदर्शक नाही, साधं भिंग आहे. तेवढ्यावर या दोहोंतला फरक कसा ओळखायचा?