परदेशी व्यापार आणि बहुराष्ट्रीय कंपन्या: संशोधनाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (विद्यार्थिनी, रत्नागिरी)
मी अर्थशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावातले मोजकेच बागायतदार हापूस परदेशी पाठवतात आणि तितकाच चांगला माल असलेले बाकीचे वाशीच्या बाजारावर अवलंबून राहतात, हे लहानपणापासून पाहत आल्यामुळे याच विषयात पीएच.डी. करावी असे वाटते. या क्षेत्रातील अर्थतज्ज्ञांची वाटचाल कशी झाली आणि मी आधी काय शिकावे?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, चिपळूण)
आपण जे पाहिलेत, तोच अर्थतज्ज्ञ मार्क मेलिट्झ यांच्या २००३ मधील निबंधाचा गाभा आहे. परदेशी बाजारात शिरण्यासाठी सुरुवातीलाच करावा लागणारा ठोक खर्च अधिक उत्पादक उद्योगांनाच झेपतो, म्हणून निर्यातदार थोडेच असतात. २००४ मध्ये हेल्पमन व यीपल यांच्यासह त्यांनी दाखवले की, त्यांतीलही सर्वांत उत्पादक उद्योग निर्यातीऐवजी परदेशातच कारखाना काढतात. आंब्यातील कीड मारण्यासाठी अमेरिकेकरिता करावे लागणारे विकिरण (किरणोत्सर्गाचा मारा), जपानकरिता उष्णबाष्प प्रक्रिया (गरम वाफेची) आणि त्यामागची नोंदणी व तपासणी यांवरच्या खर्चाकडे याच दृष्टीने पाहावे.

वाटचालीबद्दल विचारलेत, तर स्टीफन हायमर यांचे नाव आधी घ्यावे लागेल. कंपनी परदेशात जाते ती केवळ जास्त परताव्यासाठी नव्हे, तर तेथील व्यवसायावर ताबा ठेवण्यासाठी, हे त्यांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील १९६० च्या प्रबंधात मांडले. तो पुस्तकरूपाने १९७६ मध्ये आला; हायमर १९७४ मध्येच मोटार अपघातात गेले होते. वर्गात हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटत असे.

उत्तर (काजू प्रक्रिया उद्योजक, वेंगुर्ला)
ताई, केवळ निर्यातीकडे पाहू नका. आमच्या धंद्यात आफ्रिकेतून आलेली काजू बीसुद्धा फोडली जाते, त्यामुळे आयात बीचा भाव वाढला की इथल्या काजूगराचे गणित बदलते.

उत्तर (संशोधक, मुंबई, मूळ गाव देवगड)
गणित आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र) आताच पक्की करा. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था किंवा पुण्याची गोखले संस्था यांचा विचार करता येईल. कंपनीनिहाय आकडेवारीसाठी ‘प्रोवेस’ हा कंपन्यांच्या हिशेबांचा माहितीसंच आणि सरकारचे वार्षिक उद्योग सर्वेक्षण वापरले जाते. परंतु सर्वेक्षणात प्रामुख्याने नोंदणीकृत कारखाने येतात, त्यामुळे कोकणातले घरगुती काजू उद्योग त्यातून निसटतात. ती उणीव तुम्हीच भरून काढू शकाल. गावातल्या बागायतदारांना पेट्यांच्या आणि पट्ट्यांच्या (दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबांच्या) जुन्या वह्या टाकून न देण्याची विनंती आजच करा.