शब्दचर्चा : लिथुआनियन नावांच्या शेवटी 'स' का?

प्रेक्षक : आर्वीदास साबोनिस, त्याचा मुलगा दोमान्तास, शिवाय योनास वालान्चूनास. लिथुआनियाचे बास्केटबॉलपटू बघावेत तर सगळ्यांची नावं 'स'वर संपलेली. आपल्या 'राव'-'पंत'सारखं आदरार्थी आहे का हे?

व्युत्पत्तीवेडी : आदराचा संबंध नाही. तो प्रथमेचा प्रत्यय आहे, म्हणजे संस्कृतातला विसर्गच. 'वीरः' तिकडे 'वीरास' (अर्थ पुरुष), 'सूनुः' तिकडे 'सूनुस' (मुलगा). मराठीने विसर्ग कधीच सोडला, त्यांनी जपला. पण तो नावाला चिकटून राहत नाही हं. योनासचं म्हणायचं तर 'योनो', योनासला म्हणायचं तर 'योनुइ'. परक्यांचीही सुटका नाही. जॉर्ज बुशचा तिथे 'जॉर्जास बुशास' होतो.

जुनी नावं बहुतेक सामासिक. 'मिन्' (आठवणे, आपलं मन, मती याच कुळातलं) अधिक 'दाउग' (पुष्कळ) म्हणजे मिन्दाउगास. १२५३ साली राज्याभिषेक झालेला त्यांचा राजा तो. आर्वीदासमधला 'वीद्' म्हणजे पाहणे, आपल्या 'विद्'चा भाऊ. मात्र प्रत्येक नावाचा सरळ विग्रह करायला जाऊ नका. तुकडे मागेपुढे होतात : मान्तवीदास हेही नाव आणि वीदमान्तास हेही!

प्रेक्षक : मग योनास? तो तर बायबलातला योहान वाटतो.

व्युत्पत्तीवेडी : तोच. लिथुआनियाचा सत्ताधीश योगाइला १३८६ मध्ये पोलंडचा राजा झाला, बाप्तिस्मा घेऊन व्लादिस्लाव झाला. पुढच्या वर्षी लिथुआनियातल्या प्रजेची पाळी. पोलिश इतिहासकार यान द्वुगोश लिहितो की लोकांचे गट पाडले आणि अख्ख्या गटाला एकच नाव दिलं. एक गट सगळा पीटर, दुसरा सगळा पॉल. त्याने हे बऱ्याच वर्षांनंतर लिहिलंय, त्यामुळे थोडं तिखटमीठ असेलही. जुनी नावं मेली नाहीत, आडनावांत जाऊन बसली : राद्विला, गोश्ताउतास. चर्चच्या वह्या लॅटिन-पोलिशमध्ये, म्हणून बाकीच्या आडनावांना पोलिश शेपूट लागलं. पोलिश कोझ्वोव्स्की तिकडे काझ्लाउस्कास.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वारं फिरलं. रशियन राजवटीत १८६४ ते १९०४ लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायला बंदी होती. पुस्तकं शेजारच्या जर्मन प्रशियात छापून चोरून आणत. १८८३ मध्ये तिथेच निघालेल्या नियतकालिकाचं नाव 'आउश्रा', म्हणजे पहाट, आपली उषा. आता ते मुलीचंही नाव आहे. त्याच काळात विताउतास, बिरुते अशी जुनी नावं पुन्हा पाळण्यात आली. 'रासा'ही आवडतं नाव : अर्थ दव, नातं आपल्या 'रसा'शी.

विदर्भकन्या : आणि बायकांची आडनावं? आमच्या गावात पाटलाची बायको पाटलीण, तसं काही?

व्युत्पत्तीवेडी : तसंच, पण कागदोपत्री! साबोनिसची बायको साबोनिएने, मुलगी साबोनीते. बाप 'आस'वाला असेल तर लेक 'आइते' : काझ्लाउस्कासची काझ्लाउस्काइते. २००९ ते २०१९ राष्ट्राध्यक्ष असलेल्या दाल्या ग्रीबाउस्काइते यांच्या आडनावावरूनच कळायचं की त्या अविवाहित. पंचवीस वर्षांची असो की साठीची, लग्न झालंय का हे दारावरच्या पाटीने सांगायचं, हे मला तरी पटत नाही. २००३ पासून नुसत्या 'ए'ची सोय झाली : साबोने. त्यातून काही कळत नाही.

विदर्भकन्या : पाटलीणबाईंना हे कळलं पाहिजे.

प्रेक्षक : एक राहिलंच. सामना बघताना दोमान्तासला हाक मारायची तर?

व्युत्पत्तीवेडी : संबोधन : 'दोमान्ताइ!' आडनावाने मारायची तर 'साबोनि!' ज्या 'स'वरून तुम्ही विचारलंत, तो हाक मारताना नेमका गळतो.