बाजार एकदा, चूल पंधरा दिवस: तुमचे अनुभव लिहा

2025 च्या सप्टेंबरात मांजरेला पूर आला आणि आमच्या वस्तीचा रस्ता पाच दिवस बंद राहिला. ज्वारीचं पीठ होतं, तूरडाळ होती. चहापत्ती दुसऱ्याच दिवशी संपली, तिसऱ्या दिवशी तेल. बाजार बारा किलोमीटरवर. तेव्हापासून किराणा आणि भाजी पंधरा दिवसांची एकदाच आणायची असं ठरवलंय, पण अजून नीट बसत नाही. कोथिंबीर चौथ्या दिवशी काळी पडते, रव्याला जाळी धरते. तुम्ही काय, कसं टिकवता? फसलेलंही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

केज
आम्ही शाळू वर्षाचा भरतो. भरायच्या आधी सासूबाई दाणा दाताखाली धरून बघतात. कट्कन फुटला तर भरायचा, दबला तर अजून दोन ऊन द्यायचे. आणि उन्हातली गरम ज्वारी लगेच कोठीत जात नाही, रात्रभर निवू देतात. गरम भरली की आत घाम धरते आणि सोंडे होतात. मधे मधे कडुलिंबाच्या पाल्याचा थर. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी हौसेनं झाडाचा ताजा पाला आणून घातला. वरची पायलीभर ज्वारी बुरसली, टाकून द्यावी लागली. सासूबाई रागावल्या नाहीत, पुढच्या वर्षी पाला सावलीत वाळवायला मलाच बसवलं. त्या पाल्याचा कडसर वास आता मला घर भरल्याचा वास वाटतो.

परभणी
आम्ही दोघं नोकरीवाले. आधी अंदाजानं यादी करायचो, त्यामुळं डाळ उरायची आणि साखरेसाठी पळावं लागायचं. आता तेलाची पिशवी, साखर, चहा फोडला की त्यावर पेनानं तारीख टाकते. तीन महिन्यांत कळलं, चौघांना महिन्याला तेल चार लिटर नाही, साडेतीनच लागतं.

औसा
भाजीचा क्रम लावा, बाकी सगळं त्यातून सुटतं. रविवारी आणलेली मेथी, शेपू मंगळवारपर्यंत संपवायची. भेंडी, गवार, वांगी शुक्रवारपर्यंत. मग कोबी, भोपळा. दुसऱ्या आठवड्यात मोडाची मटकी, हुलगे, पिठलं, येसराची आमटी आणि हरभऱ्याचा वाळवलेला पाला. टोमॅटो निम्मे पिकलेले, निम्मे कच्चे घ्या. कांदा-बटाटा एका टोपलीत नको, बटाट्याला लवकर कोंब येतात. कोथिंबीर धुवायची नाही. निवडून, मुळ्या कापून सुती फडक्यात गुंडाळायची आणि डब्यात घालून फ्रिजात. फडकं ओलसर लागलं की बदलायचं. माझी नऊ-दहा दिवस सहज राहते. मिरच्यांचे देठ मात्र आधी काढा.

हिंगोली
सगळं खरं, पण पंधरा दिवसांचं एकदम भरायला हातात पैसा लागतो. आमची मजुरी आठवड्याला. म्हणून मी दर आठवड्याला एकच जिन्नस जास्तीचा घेते, एकदा तेल, एकदा डाळ, एकदा मीठ-मिरची. दोन महिन्यांत डबे भरले. उधारीवर भरू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. आम्ही भरलं होतं, वहीतला आकडा आमच्या हिशेबाशी कधीच जुळला नाही.

धाराशिव
मे महिन्यात स्वस्त लागले म्हणून दहा किलो शेंगदाणे घेतले. जुलैत चटणी कुटली तर खवट, सगळी फेकली. फार वाईट वाटलं. आता टरफलासकट शेंगा घेतो, लागतील तशा फोडतो. करडईचं तेलही घाण्यावरून दोन-दोन लिटरच आणतो.

लातूर
2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात पालेभाजी धुवायलाही जीव धजत नव्हता. तेव्हा आई भांडी कमी निघतील असंच करायची. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. सामान भरताना मी अजूनही तो विचार करतो. पाणी नसेल त्या दिवशी काय शिजेल?

धागा काढणारी
औशाच्या ताईंच्या सांगण्याप्रमाणं कोथिंबीर फडक्यात ठेवलीय. आज सातवा दिवस, हिरवीगार आहे. रव्याचं मात्र कुणी सांगितलं नाही.

कळंब
माय, रवा आणला त्याच दिवशी मंद आचेवर कोरडाच भाजायचा. लाल नाही करायचा, नुसता वास सुटेपर्यंत. ताटात पसरून पूर्ण निवू द्या आणि कोरड्या बरणीत भरा. पावसाळाभर जाळी धरत नाही.