उबंटूचा डेस्कटॉप मध्येच गोठतो; पॉवर बटण न दाबता काय करता येईल?

प्रश्नकर्ता, कोथरूड:
नमस्कार. घरच्या डेस्कटॉप संगणकावर उबंटू २२.०४ ही लिनक्स कार्यप्रणाली आहे, रॅम ४ जीबी आणि हार्डडिस्क जुनी, फिरत्या तबकडीची आहे. आई त्यावर लिब्रेऑफिसमध्ये आपल्या आठवणी लिहिते आणि त्याच वेळी फायरफॉक्समध्ये बऱ्याच टॅब उघड्या असतात. मधूनच संपूर्ण पडदा गोठतो: माउसचा बाण अडखळत सरकतो, पण कशावरही क्लिक होत नाही आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो. शेवटी पॉवर बटण दाबून धरावे लागते आणि तिचा नुकताच लिहिलेला मजकूर जातो. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, परंतु संगणक यूपीएसवर आहे आणि हा प्रकार इतर दिवशीही होतो, त्यामुळे विजेचा संबंध वाटत नाही. कारण नेमके कसे शोधावे?

वाचक, सिंहगड रस्ता:
डिस्कच्या दिव्याचा उल्लेख केलात हे फार चांगले झाले, कारण त्यावरून रोख बहुधा रॅमकडे जातो. रॅम भरली की कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, तिच्यातील काही भाग डिस्कवरच्या स्वॅप नावाच्या राखीव जागेत हलवतो. फिरत्या तबकडीची डिस्क मात्र सेकंदाला साधारण शंभरच वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन वाचू-लिहू शकते, आणि ज्या प्रोग्रॅममुळे पडदा, खिडक्या व मेनू दिसतात त्याचाही भाग बाहेर गेलेला असला, तर तो परत येईपर्यंत सगळेच थांबल्यासारखे वाटते. म्हणजे यंत्र बंद पडलेले नसते, ते विलक्षण मंद झालेले असते.

पुढच्या वेळी आधी कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा उशिरा का होईना बदलला, तर कर्नल जिवंत आहे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा आणि धीर धरा. काळा पडदा येऊन लॉगिन विचारले जायला मिनिटभरही लागू शकते. पासवर्ड टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत, आणि लॉगिन एका मिनिटात पूर्ण झाले नाही तर ते रद्द होते, तेव्हा पुन्हा प्रयत्न करावा. आत गेल्यावर चालू प्रक्रियांची यादी दाखवणारी ‘टॉप’ ही आज्ञा चालवा, शिफ्ट आणि एम दाबून सर्वाधिक मेमरी खाणारी प्रक्रिया वर आणा, के दाबून तिचा क्रमांक द्या आणि दोनदा एंटर करा. ती बहुतेक वेळा फायरफॉक्सची एखादी टॅब असते. तेवढी गेली की आईंचा दस्तऐवज जसाच्या तसा उघडा राहतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून डेस्कटॉपवर परत या.

वाचक, बिबवेवाडी:
वरील निदान पटते, तरी केवळ दिव्यावरून निष्कर्ष काढू नये असे मला वाटते. सक्तीने बंद करावे लागले तर पुन्हा सुरू झाल्यावर लगेच टर्मिनलमध्ये ‘जर्नलसीटीएल -बी -१ -ई’ ही आज्ञा चालवून जर्नलमधील, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीतील, मागच्या सत्राच्या शेवटच्या ओळी वाचा. ‘आउट ऑफ मेमरी’ किंवा ‘ओओएमडी’ दिसले तर प्रश्न रॅमचा आहे. ‘जीपीयू हँग’ किंवा ‘एक्सआयडी’ दिसले तर ग्राफिक्सचा. आणि ‘एटीए’ने सुरू होणाऱ्या त्रुटी वारंवार असतील तर डिस्कच मरणपंथाला लागलेली असू शकते, आणि अशा वेळी सर्वांत आधी आईंच्या लेखनाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

दुसरे म्हणजे, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ लाही प्रतिसाद मिळाला नाही तरी पॉवर बटण हा शेवटचाच उपाय ठेवा. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरून एस, यू, बी ही अक्षरे काही सेकंदांच्या अंतराने क्रमाने दाबा: एस मुळे डिस्कवर लिहायचे राहिलेले लिहून होते, यू मुळे डिस्क केवळ वाचनासाठी उरते आणि बी मुळे संगणक पुन्हा सुरू होतो. बऱ्याच ठिकाणी सहा अक्षरांचा क्रम सांगितलेला आढळतो, परंतु उबंटूमध्ये ही सोय मुळात १७६ या मर्यादित मूल्यावर ठेवलेली असल्याने त्यातील ही तीनच अक्षरे चालतात. जतन न केलेला मजकूर मात्र याने वाचत नाही, म्हणून लिब्रेऑफिसच्या पर्यायांत स्वयं-पुनर्प्राप्तीची वेळ दोन-तीन मिनिटांवर आणावी.

प्रश्नकर्ता, कोथरूड:
दोघांचेही मनापासून आभार. काल पुन्हा गोठले तेव्हा एफ३ वरून आत जाता आले. फायरफॉक्सची एक टॅब सर्वांत वर होती, ती बंद करताच थोड्या वेळाने पडदा हलू लागला आणि आईचे पान शाबूत राहिले. जर्नलमध्ये डिस्कच्या त्रुटी नाहीत. आता तपकीर गल्लीतून रॅम आणण्याचा विचार आहे. काय पाहून घ्यावी?

वाचक, सिंहगड रस्ता:
जाण्यापूर्वी ‘सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी’ चालवा. डीडीआर३ आहे की डीडीआर४, एक खाच रिकामी आहे का आणि मदरबोर्ड कमाल किती रॅम घेतो, हे त्यात दिसेल. या दोन प्रकारांच्या खाचा वेगळ्या असल्याने चुकीची पट्टी बसतच नाही, तेव्हा जुनी पट्टी दाखवायला सोबत नेलीत तर उत्तम. एकूण ८ जीबी झाली तरी या कामाला पुरेशी आहे. वापरलेली पट्टी घेतलीत तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा, आणि एकही त्रुटी दिसली तर दुसऱ्याच दिवशी ती बदलून घ्या.